गणिताचा तास वहीशेजारून पाहावा

केंद्रप्रमुखाच्या शाळाभेटीत गणिताच्या तासाला सहसा दहा मिनिटं मिळतात. उरलेला वेळ पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, हजेरीपट आणि सह्या यांत जातो. मी मात्र एका गोष्टीवर ठाम राहिले आहे: ज्या शाळेत जाईन तिथे गणिताचा एक तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहायचा. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, देवरी-सालेकसा पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळा लहान आहेत. बऱ्याचशा द्विशिक्षकी, एका खोलीत दोन इयत्ता. मुलांच्या घरी कुठे गोंडी, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी. बाजारात हिंदी, पुस्तकात प्रमाण मराठी. अशा वर्गांत बसून जे हाती लागलं ते नव्या केंद्रप्रमुखांसाठी आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावंसं वाटणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिते आहे.

१. खुर्ची नको, सतरंजी बरी

पाहुण्याला खुर्ची देतात ती फळ्याजवळ किंवा वर्गाच्या अगदी मागे. तिथून फळा दिसतो, शिक्षक दिसतात, मुलांच्या पाठी दिसतात. आपली निरीक्षणाची प्रपत्रंही त्याच खुर्चीसाठी केलेली आहेत. फलकलेखन, साहित्याचा वापर, आवाज, वर्ग नियंत्रण. सगळ्या रकान्यांत "उत्तम" लिहावं असा तास होऊ शकतो आणि त्या तासात एकाही मुलाने स्वतःच्या डोक्याने वजाबाकी केलेली नसते.

म्हणून मी सतरंजीवर बसते, तिसऱ्या-चौथ्या ओळीत, एका मुलाची वही दिसेल अशी. मूल निवडते तेही हात वर न करणारं. सुरुवातीला ते कोपर आडवं ठेवून वही झाकतं. थोड्या वेळाने विसरतं. मग पाहायचं: पेन्सिल कधी चालते, कधी थांबते, बोटं मांडीवर मोजतात का, शेजाऱ्याच्या वहीकडे नजर नेमकी कोणत्या पायरीला जाते, आणि काय खोडलं जातं. खोडलेलं सगळ्यात महत्त्वाचं. आधी आलेलं उत्तर बहुधा मुलाचं स्वतःचं असतं, नंतरचं फळ्यावरचं.

माझ्या वहीत दोन रकाने असतात. डावीकडे शिक्षक काय करत आहेत, उजवीकडे त्याच वेळी हे एक मूल काय करत आहे. एका तिसरीच्या तासात डावीकडे नोंद होती, "उसना घेणे समजावलं, दुसरं उदाहरण सुरू." त्याच ओळीत उजवीकडे, "तारीख लिहिली. समास आखला. पट्टी सरकली म्हणून समास पुन्हा आखला. पहिलं उदाहरण उतरवतोय." शिक्षकांनी फार चांगलं समजावलं होतं. ते त्या मुलापर्यंत पोचलं नव्हतं, कारण तो तेव्हा समास आखत होता. पुढच्या भेटीत त्या शिक्षकांनी उदाहरण सांगताना सगळ्यांच्या पेन्सिली खाली ठेवायला लावल्या आणि लिहायचा वेळ वेगळा दिला. एवढ्याने तासाचा नूर पालटला.

२. चुकीच्या उत्तरालाही नियम असतो, तो शोधा

तिसरीतल्या एका मुलाने ४०३ − ५८ = ४५५ असं लिहिलं. वहीवर लाल फुली होती. मागची पानं उलटली तर फुल्याच फुल्या आणि शेरा, "सराव करा." मी त्याच्या तीन वजाबाक्या एकाखाली एक ठेवून पाहिल्या. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता. वर ३, खाली ८. मग आठातून तीन गेले, पाच. वर शून्य, खाली ५, मग पाच. वरचा कोणता, खालचा कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. एकदाही न चुकता तो हाच नियम पाळत होता.

खात्री करायला मी आधी माझ्या वहीत ६३५ लिहून ठेवलं आणि मग त्याला ६०२ − ३७ करायला दिलं. त्याचं उत्तर आलं ६३५. (खरं उत्तर ५६५.) चौथी चूक आधी सांगता आली म्हणजे पहिल्या तीन समजल्या, ही माझी कसोटी आहे. अशा मुलाला "सराव करा" म्हटलं तर तो स्वतःच्या नियमाचा सराव करतो आणि तो नियम आणखी पक्का होतो.

१९७३ मध्ये अमेरिकेत स्टॅनली एर्लवँगर या अभ्यासकाने बेनी नावाच्या सहावीतल्या मुलाशी बोलून असंच लिहून ठेवलं. बेनी वर्गात हुशार गणला जात होता, चाचण्यांत पुढे होता. पण दोन दशांशाचं दशांश रूप तो १.२ लिहायचा आणि पाच दशांशाचं १.५. अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि मध्ये टिंब द्यायचं, हा त्याचा नियम. त्याच्याशी कुणी बसून बोललं तेव्हा कुठे तो उघड झाला.

आमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हजेरीपटात सापडली. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पाठोपाठ धानाची रोवणी लागते. आईबाप बांधीत, मोठं भावंडही पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढायला, आणि हा घरी धाकट्या बहिणीला सांभाळायला. दशक सुटा करून एकक घेण्याचे पाठ नेमके त्याच दिवसांत झाले होते. त्या शिक्षकांनी सप्टेंबरात तेवढेच पाठ पुन्हा घेतले, गणित पेटीतले दशकाचे दांडे आणि सुटे एकक मुलांच्या हातात देऊन. हजेरीपट आणि चुकांची वही शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी, असं मला फार वाटतं.

३. "समजलं का?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं

"हो सर!" पूर्ण वर्ग, एका सुरात. तसंच ते अर्धवट सोडलेलं वाक्य: शिक्षक म्हणतात "दोनशे चाळी...", वर्ग म्हणतो "...स!" अशा सुरात उत्तर येतं तेव्हा मी त्या एका मुलाच्या ओठांकडे पाहते. ओठ हलतात, पण इतरांच्या किंचित मागून. आमच्या केंद्रातल्या एका मॅडमनी "समजलं का?" विचारणं सोडलं. त्याऐवजी त्या म्हणतात, "उत्तर पाटीवर लिहा, पाटी छातीशी धरा, मी म्हणेन तेव्हा फिरवा." क्षणात सगळ्या वर्गाची उत्तरं समोर. पाटी आहे, लेखणी आहे, वेगळा खर्च नाही.

४. प्रश्नानंतरची शांतता मोजा

प्रश्न विचारला की मनात एक, दोन, तीन म्हणते. बहुतेक वेळा "दोन" म्हणायच्या आत शिक्षक दुसऱ्या मुलाकडे वळलेले असतात किंवा उत्तर स्वतः देऊन टाकतात. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये हेच मांडलं होतं: शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, हा वेळ तीन सेकंदांपुढे नेला की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात.

आपल्याकडे थांबायला आणखी एक कारण आहे. घरी गोंडी बोलणारं मूल प्रश्न आधी आपल्या बोलीत नेतं, तिथे हिशेब करतं आणि उत्तर मराठीत आणतं. या प्रवासाला वेळ लागतो. तो वेळ न देता आपण त्या मुलाला "कच्चा" म्हणतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

५. ऐकताना एक क्रम, लिहिताना दुसरा

दुसरीच्या अंकलेखनात सगळ्यात जास्त पाहण्यासारखं असतं. शिक्षक म्हणतात "सव्वीस", मूल लिहितं ६२. कानावर आधी सहा येतं, मग वीस. हात त्याच क्रमाने चालतो. "एकोणतीस" म्हटलं की अनेक वह्यांत ३९ दिसतात, कारण "तीस" स्पष्ट ऐकू आलेलं असतं आणि "एकोण" म्हणजे एक कमी, हे कुणी सांगितलेलं नसतं. हिंदीतही छब्बीस उलटंच. उलट तेलुगूत आधी वीस, मग सहा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धतही दिली होती. त्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तेव्हा संयमाने बाजू मांडली की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे अनेक मुलं संख्यांना घाबरतात. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात बसून अंकलेखन पाहिलं असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. माझं मत स्पष्ट आहे: नारळीकर बाईंचं म्हणणं वर्गातल्या वह्यांशी जुळतं. आमच्याकडचे काही शिक्षक आता सुरुवातीचे काही महिने दोन्ही एकत्र म्हणतात, "वीस सहा, सव्वीस." सव्वीस शब्द कुठे जात नाही, मूल मात्र ६२ लिहायचं थांबतं.

देवरी तालुक्यातल्या एका वर्गात याच्या पुढचं पाऊल पाहिलं. शिक्षक मूळचे बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी मुलांकडूनच गोंडी मोजणी शिकून घेतली: उंदी, रंड, मूंद. मणिमाळेवर ते एकेक मणी सरकवायचे आणि एक मुलगी मोजायची. त्या मुलीचा आवाज त्यांनी त्याआधी वर्गात ऐकलाच नव्हता. दहा मणी झाले की रंग बदलतो, तिथे ती स्वतः थांबली आणि शिक्षकांकडे पाहून मराठीत म्हणाली, "एक दशक."

६. घरचं गणित आत येऊ द्या

४५५ लिहिणाऱ्या त्या मुलाकडे परत जाऊ. मधल्या सुट्टीत त्याला खेळातल्या नोटा दिल्या आणि विचारलं, "तुझ्याकडे ४०३ रुपये, दुकानात ५८ रुपयांचं सामान घेतलं, किती उरले बाबू?" तो पुटपुटला. आधी तीन रुपये दिले, उरले चारशे. मग पन्नास दिले, साडेतीनशे. अजून पाच द्यायचे, तीनशे पंचेचाळीस. हातची पेन्सिल खालीच होती. शून्यातून कसं घ्यायचं, हा प्रश्न त्याला नोटांमध्ये पडलाच नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर कॅराहर आणि श्लीमन या संशोधकांनी केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर मांडून दिले तेव्हा जेमतेम ३७ टक्के. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनाही हेच दिसलं. उलटी बाजूही दिसली: शाळेत जाणाऱ्या मुलांना पुस्तकी आकडेमोड येते, बाजारातला हिशेब अडतो.

आमच्या भागात यासाठी सोन्यासारखी सामग्री आहे. मे महिन्यात घरंच्या घरं तेंदूपत्ता तोडायला जातात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून देताना मुलं आईवडिलांबरोबर असतात. एका चौथीच्या वर्गात शिक्षकांनी पुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्या बाजूला ठेवून विचारलं, "पंचवीस पुड्यांत पानं किती?" एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, सतराशे पन्नास." शिक्षक म्हणाले, "कसं केलंस?" ती म्हणाली, "दहा पुडे सातशे. अजून दहा, चौदाशे. पाच म्हनजे सातशेचे आर्धे."

ते शिक्षक मला फार आवडले. "शाब्बास, आता उभी मांडणी कर" असं म्हणून त्यांनी तिचं उत्तर पुसलं नाही. तिच्याच पायऱ्या फळ्यावर लिहिल्या, ७०० + ७०० + ३५०, आणि शेजारी २५ × ७० ची उभी मांडणी केली. मग वर्गाला विचारलं, "हिचे सातशे इथे कुठे लपले आहेत?" वर्ग बराच वेळ शोधत राहिला.

धान खरेदी केंद्रावरचे कट्टे, घरी आजोबांच्या तोंडी अजून असलेली खंडी आणि पायली, आठवडी बाजारातलं पाव किलो, सव्वा किलो. हे सगळं मुलांना ठाऊक आहे. शिक्षकांनी ते विचारायचं तेवढं बाकी आहे.

७. शिक्षकांची पाठ जिकडे आहे तिकडेही पाहा

दोन इयत्तांच्या खोलीत शिक्षक तिसरीला शिकवतात तेव्हा चौथीला उदाहरणसंग्रह दिलेला असतो. निरीक्षक तिसरीचंच पाहतो. मी मुद्दाम चौथीत बसते. तिथे कोण कुणाला समजावतं, कोणत्या शब्दांत, याची नोंद घेते. मुलं एकमेकांना झाडीबोलीत, म्हणजे इथल्या मराठी बोलीत, सांगतात आणि ते सांगणं अनेकदा आमच्या पुस्तकापेक्षा नेमकं असतं.

८. मुलाला स्वतःच तपासता येईल असं उदाहरण शोधा

मी पाहिलेल्या तासांतला सगळ्यात भरीव तास सालेकसा तालुक्यातल्या एका पाचवीचा. विषय साधाच, हातच्याची वजाबाकी. मॅडमनी फळ्यावर एवढंच लिहिलं: कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराच्या अंकांवर पुन्हा तेच.

एका मुलीने ३, ५, २, ४ घेतले. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुन्हा ७६४१ − १४६७, पुन्हा ६१७४. तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीचे अंक वेगळे, उत्तर तेच. मग वर्गभर कुजबुज: "तुझंही?" "माझंही!"

माझ्या शेजारच्या मुलाने २, ०, १, ७ घेतले होते. ७२१० − ०१२७ चं त्याचं उत्तर आलं ७११७. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा, तोच जुना नियम. पुढे ७७११ − ११७७, उत्तर ६६६६. आणि त्यानंतर वजा करायला काही उरलंच नाही, सगळे अंक सारखे. "मॅडम, माझा शून्य आला." मॅडम म्हणाल्या, "बाकी सगळ्यांचं काय आलं, विचार." त्यांनी चूक दाखवली नाही. तो उठला, तीन वह्या पाहून आला, बसला, आणि पहिल्या वजाबाकीवर बोट ठेवून राहिला. मग मित्राला म्हणाला, "थांब, शून्यातून सात जातेच कसे?" त्याने दशक सुटा केला. ७०८३. पुढे ८३५२, पुढे ६१७४. मला वही दाखवली तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता.

मग मॅडमनी सांगितलं की हे शोधणारे गृहस्थ तुमच्या-आमच्यासारख्या शाळेतले मास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायचे. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ मध्ये शोधला. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. मुलांनी त्या तासात केलेल्या वजाबाक्या एरवीच्या आठवडाभराच्या गृहपाठाहून जास्त असतील, आणि लाल पेन एकदाही उघडलं गेलं नाही.

९. खडू हातात घेऊ नका, शेरा एका मुलावर लिहा

चालू तासात उठून "मी दाखवते" म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मुलांसमोर शिक्षकाचा शब्द हलका होतो. बोलायचं ते तासानंतर, व्हरांड्यात, आणि सुरुवात शिक्षकांनी करायची. मी एकच विचारते, "आज कुणाच्या उत्तराने तुम्हाला विचारात पाडलं?" उत्तर आलं नाही तर मी पाहिलेल्या मुलाची वही दोघांमध्ये ठेवते. मग बोलणं शिक्षकांवरून आपोआप मुलावर येतं आणि त्यांचे खांदे सैल होतात. शेरेबहीत "अध्यापन समाधानकारक" यापेक्षा "अमुक मूल शून्य असलेल्या घरात अडतं, दांड्यांवर करून घ्यावं" हे लिहिलेलं कामाला येतं. पुढच्या भेटीत त्याच मुलाशेजारी बसता येतं.

१०. एकच पाठ दोनदा पाहा

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांजवळ उभे राहून नोंदी करतात, मग पाठ बदलून दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात घेतो. स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या १९९९ च्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकाने ही पद्धत जगभर पोचवली. जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण त्यामागे होतं. जपानी तासांत उदाहरणं थोडी आणि मुलांनी आधी स्वतः झटायला वेळ भरपूर, हे त्यात ठळक दिसलं.

आम्ही आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे छोट्या प्रमाणात सुरू केलं आहे. पहिला पाठ वजाबाकीचा घेतला. पहिल्यांदा ५२ − २७ ने सुरुवात होती. निरीक्षकांच्या नोंदींत दिसलं की मुलं बोटांवर उत्तर काढतात आणि दशक सुटा करायची गरजच त्यांना पडत नाही. दुसऱ्या शाळेत तोच पाठ ४०३ − ५८ ने सुरू केला, नोटा हातात देऊन, आणि शंभराची नोट मोडायची मागणी मुलांकडूनच आली. आता भागाकाराचा पाठ ठरतो आहे. सुरुवातीचं उदाहरण ८४ ÷ ४ असावं असं काहींचं म्हणणं होतं. मी ४१२ ÷ ४ चा आग्रह धरला आहे, कारण १०३ ऐवजी १३ लिहिणारी मुलं त्यातच दिसतील.